तीन ओबाडाया

आमचं स्टॅलर्ड घराणं डोंगर ओलांडून व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात आलं, त्याला अडीचशे वर्षं झाली. त्याची वंशावळ लावता लावता माझी तीन वर्षं गेली आणि अजून मी मूळपुरुषाच्या मुलांपाशीच अडलेय. त्याला ओबाडाया नावाचे तीन मुलगे, तेही एकाच बायकोपासून. माझ्या कागदावर ओबाडाया दोन वर्षांचा होऊन मरतो आणि विसाव्या वर्षी बोहल्यावर चढतो.

"नावांचा दुष्काळ पडला होता का गं यांच्याकडे?" मी झिल्फाआत्यावर डाफरले. ती व्हरांड्यात बसून शेंगा निवडत होती.

"आधीचा गेला, की त्याचं नाव पुढच्याला द्यायचे," ती म्हणाली. "आपल्यात रीतच होती तशी."

"रीत त्यांची आणि डोकं माझं फुटतंय. तू तरी कुठे धड माहिती देतेस? म्हणतेस, अठ्ठ्याऐंशी. चर्चच्या वहीत झिल्फा स्टॅलर्डचा जन्म बघितला, तर एक्क्याण्णव भरतात. या वयात वय कुणापासून लपवतेस?"

आत्याने हातातल्या शेंगेची शीर ओढून काढली.

"ती मी नव्हे, पोरी. ती तापाने गेली, मग मी झाले. चर्चच्या मागे तिचा दगड आहे. आई दर रविवारी मला तिथे न्यायची. शाळेत जायच्या आधीच मी माझं नाव लिहायला शिकले, ते त्या दगडावर बोट फिरवून."