इतवारीच्या टॉवरवर माया

"दहा मिनिटं. वर एक सेकंद नाही," उन्मेषनं फोनवरून बजावलं. "साहेबाले समजलं तर दोघांचीबी नोकरी गेली."

"दहा बहुत झाले गा!" पियुष म्हणाला.

इतवारीतल्या भांडेगल्लीत, मायाच्या दुकानासमोर तो उभा होता. पाय एका जागी ठरत नव्हते.

साल २००३. खिशात मोबाइल असला की माणूस छाती काढून चालायचा. टॉवरचा एक कंट्रोल चॅनेल असे; त्यावरून बोलणी जात नसत, नुसत्या सूचना जात. त्याच वाटेनं भागाचं नाव प्रत्येक फोनच्या पडद्यावर उमटायचं: सदर, महाल, इतवारी. मोबाइल कंपनीत हे नाव भरायचं काम पियुष आणि उन्मेषकडे होतं.

तीन महिने पियुष मायाच्या मागे लागला होता. घरी तो आणि बाबा, दोनच माणसं. एकानं भाजी करपवायची, दुसऱ्यानं मुकाट्यानं खायची. माया आली असती तर त्या घरात कोणी खळखळून हसलं तरी असतं!

"घरी काय म्हणतात?" मायानं विचारलं होतं.

"बाबा? ते तर एका पायावर तयार आहेत!"

"अन् लोक? मी लपूनछपून काही करत नसते गा. तुह्या त्या टॉवरवर माह्यं नाव टाक. सारी इतवारी पाहू दे. लोकं टिंगल करतील तर माह्यं 'नाही' समज."

ती थट्टेत म्हणाली असेल. पण पियुषनं मनावर घेतलं. बऱ्याच फोनवर ते नाव दिसायची सोय बंद असते, म्हणून आठवडाभर गल्लीतल्या दुकानादुकानात जाऊन त्यानं ती चालू करून दिली. फुकटात चहा मात्र भरपूर झाला.

पाच वाजले. पडद्यावरचं 'इतवारी' गेलं. त्या जागी इंग्रजी अक्षरांत उमटलं, 'माया, हो म्हणा'.

आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग शेजारचे पितळवाले नत्थूजी चष्मा वर करून फोनकडे पाहायला लागले. त्यांनी मोठ्यानं वाचलं. समोरच्यानंही वाचलं. गल्लीत माया नावाची एकच. कोणीतरी खो खो हसलं.

पियुषनं कपाळावर हात मारला. मेलो, संपलं सगळं!

माया दुकानाच्या पायरीवर आली. आपल्या फोनकडे पाहिलं, मग हसणाऱ्याकडे. चेहरा कडक झाला.

"हसतो काय बे?" नत्थूजी त्याच्यावर खेकसले. मग मायाकडे वळले. "अवं माया, सारी इतवारी विचारून राहिली. म्हणून टाक ना वं हो! काहून भाव खाते?"

कोणी शिट्टी मारली, कोणी परातीवर झारा बडवला. "हो म्हण, हो म्हण!" गल्ली घुमायला लागली. मायानं पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना.

"जाय गा," ती पियुषला म्हणाली. "सांग. हो आहे माह्यं."

पियुषनं तिथल्या तिथे उडी मारली. लगेच घरचा नंबर फिरवला.

"बाबा," तो आनंदानं ओरडला, "दाढी करा लवकर! नवरदेव झाले तुमी!"