पत्र कोणाच्या नावे

रंगुबाईंवरचं पत्र ज्योतीने दहा मिनिटांत लिहिलं, आणि त्यातलं एक वाक्य ठेवावं की काढावं यात अर्धा तास घालवला.

वाक्य असं होतं : 'चूल पेटत नसली की रंगुबाई चुलीलाच शिव्या द्यायच्या, आणि मग ती मुकाट पेटायची.' आबासाहेब रंगुबाईंना जन्मात भेटले नव्हते. पण पत्र जायचं ते त्यांच्या लेटरहेडवर, खाली त्यांची सही. ज्योतीने वाक्य ठेवलं.

सावेडीतल्या त्या कार्यालयात तिची अकरा वर्षं याच कामात गेली होती. आबासाहेबांची एक शिक्षण संस्था, एक पतसंस्था आणि पुढेमागे आमदारकीची आशा. गावोगावचे कार्यकर्ते मयत झालेल्यांची यादी मोबाईलवर पाठवायचे. दहाव्याच्या आत घरी सांत्वनपत्र पोचलंच पाहिजे, असा साहेबांचा दंडक. कळवळा ज्योतीचा, सही साहेबांची. लोक ते पत्र फ्रेम करून गेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी लावत. कुणी त्यातल्या ओळी वाचून दाखवल्या की साहेबांचेच डोळे पाणावत, कारण त्यांनी त्या पहिल्यांदाच ऐकलेल्या असत.

रंगुबाई मात्र ज्योतीची सख्खी आत्या होती. पत्र जाणार होतं पुंजारामच्या नावे, म्हणजे तिच्या वडिलांच्या.

बावीस वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा वडील म्हणाले होते, या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तिने टाकलं नाही. सुरुवातीला चार-पाच पत्रं धाडली, ती न फोडता परत आली. मग तिने लिहिणंच सोडलं, आणि नशीब असं की नोकरी लागली ती लिहिण्याचीच.

आई गेल्याचंही तिला यादीतूनच कळलं. तीन वर्षं झाली त्याला. गाव पाथर्डीच्या पलीकडचं. तिथला कार्यकर्ता रामहरी, त्याने पाठवलेल्या यादीत तिसरं नाव होतं, कडूबाई. जाऊन चार दिवस झाले होते. ज्योतीने खुर्चीत बसल्या बसल्या पत्र लिहिलं. 'सगळ्यांचं झाल्यावर त्या चुलीपाशी उभ्यानेच जेवायच्या,' हेही लिहिलं. असलं काही पुढाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण आबासाहेबांचं पाकीट परत कोण पाठवतो? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचे शब्द त्या घरात गेले.

वर्षभराने सहादेवकाकाचं नाव आलं. आता आत्या. प्रत्येक वेळी ती रडायची, आणि पत्र लिहायला मिळतंय म्हणून आतून सुखावायचीही, आणि मग त्या सुखाची तिला लाज वाटायची.

पत्रं न्यायला रामहरी स्वतः यायचा. पत्रं कोण लिहितं ते घरी सांगायचं नाही, हे तिने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यानेही पाळलं होतं. आत्याचं पाकीट त्याच्या हातात देताना तिने नेहमीसारखं विचारलं, वडील पत्र ऐकून काही म्हणाले होते का मागच्या वेळी.

"काय न्हाई. फिरून वाच म्हनले," रामहरी म्हणाला. "चारदा वाचून घेतलं."

रामहरी पाकीट उलटंपालटं करत राहिला.

"ताई, तुमी या की दहाव्याला. कोन काय म्हनतंय आता?"

"ते बोलावतील तेव्हा येईन."

"म्हतारा बोलवायचा न्हाई. तुमच्यावानीच हाय त्यो."

"मग राहिलं," ज्योती म्हणाली, आणि दुसरी यादी पुढे ओढली.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी यादी आली. पहिलंच नाव पुंजाराम, वय अठ्ठ्याहत्तर. 'पत्र कोणाच्या नावे' या रकान्यात लिहिलं होतं : मुलगी ज्योती.

ती त्या रकान्याकडे बघत राहिली. आबासाहेब सह्यांसाठी बाहेर आले, त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि विचारलं, ओळखीतलं कोणी आहे का. वडील, असं ती म्हणाली. हजारो घरांचं सांत्वन केलेल्या त्या माणसाला एक शब्द सुचेना. चष्मा काढून त्यांनी तो उगाच पुसला.

"मग आता ते पत्र," ते अखेर म्हणाले, "कोण लिहिणार?"

तिने पर्स उचलली आणि स्टँड गाठला.

एसटीत खिडकीशी बसली तरी सवय सुटेना. डोक्यात वाक्यं जुळायला लागली. 'ते फार बोलत नसत.' नको. 'त्यांनी मुलीला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली.' हेही नको. बोलावलं असतं तर आपण आलो असतो, हे कोणाच्या लेटरहेडवर लिहायचं? रामहरीचा फोन दोनदा वाजला. तिने उचलला नाही. तो सांगणार ते तिला माहीत होतं.

गावात उतरली तेव्हा दुपार कलली होती. घराकडच्या बोळात माणसं नव्हती, दारात गर्दी नव्हती. सगळं उरकलं असणार. आईच्या वेळी उशीर, आताही उशीर. दाराशी येऊन ती थबकली. बावीस वर्षं न टाकलेलं पाऊल आता कोणाला विचारून टाकायचं, ते तिला कळेना.

मग तिने वर पाहिलं. ओट्यावर रंगुआत्या बाजरी पाखडत बसली होती.

ज्योतीला ना पुढे जाता येईना, ना मागे. आत्याने सूप बाजूला ठेवलं. गोठ्यातून वैरणीची पेंढी घेऊन सहादेवकाका बाहेर आला, तिला पाहून पुन्हा आत वळला. आत्या घरात तोंड करून एवढंच म्हणाली, "आली."

आत बाज करकरली. पुंजाराम काठी टेकत दारापर्यंत आला आणि चौकटीला धरून उभा राहिला.

"तुझी आई गेली तवाच्या पत्रातच तुला वळखलं. मग सहादूला मारलं, रंगीला मारलं, तरी न्हाई आलीस," तो म्हणाला. "म्हनलं, आता आपनच मरून बघावं."