उरलेले अठरा शेक

ते साल १९८६. ग्वांगचौच्या कॅन्सर इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी नदीवर होडीतून वाळू वाहणारा माक शुइ-कान आपली पिशवी भरत होता.

"मानेची गाठ बसली, नाकातलं रक्त थांबलं. एवढ्याशा सुजेसाठी आणखी किती दिवस लोळत पडू?" तो म्हणाला. "नदीला पाणी चढलंय. वाळूची खेप त्या चुंगच्या होडीला एकदा गेली, की गेलीच."

त्याची बायको लाय-हो दारातच थबकली. किरणांच्या पस्तीस शेकांपैकी सतरा झाले होते. आत्ताच डॉक्टरांनी तिला व्हरांड्यात थांबवून सांगितलं होतं, नाकामागची गाठ मानेतल्या मोठ्या धमनीला वेढून बसली आहे. सगळे शेक घेतले तर काही वर्षं हाती लागतील. अर्ध्यावर सोडले तर वर्ष निघणं कठीण. धमनी फुटली तर होडी काठाला लावायलाही वेळ मिळायचा नाही.

"मग त्याला तुम्हीच सांगा ना," ती म्हणाली होती.

"ते घरच्यांनी ठरवायचं," म्हणून डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले. तिथल्या सगळ्यांची रीतच तशी. रोग्याला खरं सांगायचं नाही. शुइ-कानला सांगितलं होतं, नाकात सूज आहे.

आणि सूज तर उतरली होती.

"पिशवी ठेव खाली," लाय-हो म्हणाली.

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या सासूनं मान वर केली. "सूनबाई, जीभ आवर."

"आई, तो निघालाय."

"निघू दे," सासूनं आवाज खाली आणला. "जाईल आणि येईल. तू तोंड उघडलंस तर मात्र कायमचा जाईल. नाव घेतलं की रोगाला ऐकू जातं. तुझ्या सासऱ्याला सांगितलं, आणि विसाव्या दिवशी आटोपला तो."

"कसलं नाव?" शुइ-कान खेकसला. "काय चाललंय तुम्हा दोघींचं?"

"काही नाही रे बाळा. हिला होडीवर राबायचा कंटाळा आलाय. शहराचं वारं लागलंय बाईसाहेबांना."

लाय-होचं डोकं फिरलं. "मला वारं लागलंय? डॉक्टरांनी तुम्हाला काय विचारलं, ते सांगा की त्याला! दात यायच्या आधी याच्या पेजेत खारा मासा कुणी कालवला? त्या माशानंच नाकात हे उगवतं, म्हणाले ते!"

म्हातारी उठली आणि तिनं सुनेच्या थोबाडीत दिली. शेजारच्या खाटांवरच्या लोकांनी भिंतीकडे तोंडं फिरवली.

लाय-होनं गालाला हातसुद्धा लावला नाही. नवऱ्याकडे सरळ बघत ती म्हणाली, "सूज नाही ती. कॅन्सर आहे. मानेतल्या धमनीला वेटोळं घालून बसलाय. अठरा शेक उरलेत. आता जायचं तर जा."

शुइ-कान खाटेवर बसला. त्यानं पिशवीतला सदरा काढला, घडी करून उशाशी ठेवला.

"हिला बाहेर काढ," तो आईला म्हणाला. "हिचं तोंड बघायचं नाही मला."

अठराच्या अठरा शेक त्यानं घेतले. लाय-हो रोज डबा दाराबाहेर ठेवायची, म्हातारी तो आत न्यायची.

म्हातारी चार वर्षांनी गेली. सुनेच्या हातचं पाणी तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. चुंग वाळूवर गबर झाला. डॉक्टर निवृत्त होईपर्यंत शिकाऊ डॉक्टरांपुढे शुइ-कानचे कागद टाकून विचारत, की हा माणूस किती जगला असेल? बहुतेक जण दोन वर्षं म्हणत.

शुइ-कान एकवीस वर्षं जगला. शेकांपायी एक कान गेला, तोंडाला कायमची कोरड पडली. लाय-हो घासागणिक त्याच्या हातात पाणी द्यायची. कुणी तब्येतीची चौकशी केली, की तो तिच्याकडे बोट दाखवायचा.

"धडधाकट होतो मी," म्हणायचा. "कॅन्सर हिनं केला."