कपाटाचा शॉक

“आई गं!” हेमाने लोखंडी कपाटावरून हात झटकन मागे घेतला. “परत शॉक बसला.”

श्रीनिवासराव पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आठवड्यातला हा तिसरा शॉक. पहिला नळाचा, दुसरा दाराच्या कडीचा.

“वैजनाथला बोलाव,” ते कूस न बदलता म्हणाले.

वैजनाथ सोसायटीचा इलेक्ट्रिशियन. त्याने घरभर टेस्टर लावला, गिझर उघडून पाहिला, अर्थिंग तपासलं. “काकू, सगळं ओके आहे. या घरात शॉक बसलाच तर बिल बघून बसेल.”

तो गेल्यावर हेमा हात चोळत कपाटासमोर उभी राहिली. “मग मला काय होतंय हो?”

त्या आवाजाने श्रीनिवासराव उठून बसले. “काही होत नाहीये. स्थिर विद्युत असते ही. जानेवारीची कोरडी हवा, त्यात तुझा तो नायलॉनचा स्वेटर. थांब, दाखवतोच तुला.”

चौतीस वर्षं त्यांनी कर्वेनगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली होती. जूनमध्ये निवृत्त झाले. विद्युतदर्शी करणं त्यांच्या हातचा मळ होता. कॉफीची रिकामी बरणी, तिला प्लॅस्टिकचं झाकण, झाकणातून खाली उतरलेली तांब्याची तार आणि तारेच्या आकड्याला टांगलेल्या फॉइलच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या. वरच्या टोकाशी विद्युतभार आला की पट्ट्या एकमेकींपासून फाकतात. नसेल तर नुसत्या लोंबत राहतात.

जाड तार मात्र घरात नव्हती.

“मी आणू का?” हेमाने विचारलं.

“तुला कळायची नाही कुठली ते.” त्यांनी दाढी केली. वाढली होती बरीच. एक चप्पल दारात होती, दुसरी पलंगाखाली धुळीत सापडली.

“वीतभरच तार?” हार्डवेअरवाल्याने चष्म्यावरून पाहिलं. “दागिना घडवताय?”

“हो, बायकोसाठी,” श्रीनिवासराव म्हणाले.

पहिला विद्युतदर्शी हललाच नाही. बरणीत ओल राहिली होती. त्यांनी ती गॅलरीत उन्हात ठेवली, आणखी हलक्या पट्ट्या कापल्या, कंगवा स्वेटरवर घासून तारेजवळ नेला. पट्ट्या टचकन फाकल्या.

“बघ!” ते ओरडलेच. हेमा स्वयंपाकघरातून धावत आली आणि पट्ट्यांऐवजी त्यांच्याकडेच बघत राहिली.

“आता तू. जाजमावर चार पावलं चाल आणि तारेला बोट लाव. तुझ्या अंगावर भार असेल तर हे सांगेल.”

हेमा चालली. बोट लावलं. पट्ट्या ढिम्म. मग ती कपाटाकडे गेली, मुठीला हात लावला आणि किंचाळली, “आई गं!”

श्रीनिवासराव बरणीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी पट्ट्या बदलल्या, झाकण बदललं, तिला लोकरी शाल पांघरायला लावली. कंगव्याला पट्ट्या दर वेळी फाकत. हेमाला एकदाही नाही. कॅलेंडरच्या मागे त्यांनी नोंदी ठेवल्या: अकरा प्रयोग, अकरा वेळा शून्य. यंत्र बरोबर होतं. लाइन बरोबर होती.

उरली हेमा.

तिची आई, वेणूबाई, शेवटची चार वर्षं अंगावर मुंग्या चढतात म्हणून रडायची. मुंग्या कुणालाच दिसत नसत. ते सुरू झालं तेव्हा वेणूबाईंचं वय काय होतं, याचा हिशेब त्यांनी मनात तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर हेमाच्या वयाशी येऊन थांबलं.

त्यानंतर त्यांना पडून राहवेना. तिने गॅस बंद केला का, ते बघायला उठायचं. सुरी तिच्या हातात नको म्हणून भाजी स्वतः चिरायची. रस्त्यात तिचा तोल गेला तर, म्हणून मंडईत पिशव्या घेऊन मागे मागे जायचं. या धावपळीत ताटात तिसरी पोळी पडते आणि ती संपते, इकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

“काय म्हणतंय तुमचं यंत्र?” तिने एकदा विचारलं.

“हवा जरा दमट आहे अजून,” ते म्हणाले. खोटं बोलत त्यांनी कॅलेंडर सुलटं करून टांगलं.

सोमवारी सकाळी चहा पिताना त्यांनी धीर केला. “हेमा, आपण एकदा कुणाला तरी दाखवू या का? मनाचे डॉक्टर असतात ना, त्यांना. नुसतं बोलायचं. त्यात काही कमीपणा नाही.”

ती चिडेल, रडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती कपाची कड बोटाने पुसत राहिली. “खरंच कमीपणा नाही ना?”

“मुळीच नाही. ताप आला की जातोच ना आपण?”

“बरं. वेळ मी घेते. पण मी एकटी जाणार नाही. तुम्ही याल?”

“म्हणजे काय! येणारच.”

ती पाठमोरी झाली. तिचे खांदे हलत होते. घाबरली बिचारी, त्यांना वाटलं.

गुरुवारी रिक्षाने ते कोथरूडला गेले. दवाखान्यात आणखी दोघंच बसले होते. श्रीनिवासरावांनी हेमाचा हात घट्ट धरला होता. डॉक्टरांना आधी काय सांगायचं? वेणूबाईंचं सांगायचं का? तेही हिच्यासमोर?

आतलं दार उघडलं. डॉक्टरांची मदतनीस कागद बघत म्हणाली, “श्रीनिवास गद्रे, आत या.”

“नाव चुकलंय तुमचं,” ते उठत म्हणाले. “पेशंट ह्या आहेत. हेमा गद्रे.”

मुलीने कागद पुन्हा पाहिला. “नाही काका, तुमचंच आहे. काकूंनी दिवाळीपासून पाचव्यांदा घेतलीय ही वेळ. मागच्या चारही वेळा, तुम्ही अंथरुणातून उठायलाच तयार नाही म्हणून रद्द केली.”

श्रीनिवासराव वळले. हेमाने त्यांचा हात सोडला नव्हता.

“मला शॉक कधीच बसला नाही हो,” ती म्हणाली.