काळं कापड

"अम्मा, यातलं कुठलं विमानाला लावू?"

विश्वेशनं कापडाचे तीन तुकडे कमलाक्षीपुढे मांडले. पांढरं काचतंतूचं, पिवळं केवलारचं, काळं कार्बनचं. रविवारी ओरत्तनाडूच्या मैदानावर स्पर्धेत त्याचं रेडिओवर चालणारं विमान उडायचं होतं. पहिला येईल त्याला जर्मनीत नोकरी.

"काळं," ती म्हणाली. "हलकं नि मजबूत."

"नक्की?"

"मग मला विचारतोस कशाला?"

"सरी, काळं तर काळं," म्हणून तो हसला.

तंजावूरच्या वायरलेस ऑफिसात तीस वर्षं काढलेली बाई ती. पांढरं, पिवळं रेडिओच्या लहरींना वाट देतं, काळं अडवतं, हे तिला ठाऊक नसेल तर कुणाला? एरियल काळ्याच्या आत राहिलं की विमान लांब गेल्यावर बहिरं होणार. नवरा गेल्यापासून घरात दोघंच. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालेलं. दिवसातून चारदा औषध विश्वेशच घालायचा. पोराला जाऊ द्यायचं नव्हतं तिला, बस्स.

पण मन खाऊ लागलं. विश्वेश कापडाला राळ लावून साच्यावर चढवत होता आणि ही स्वयंपाकघरातून दहादा बाहेर. सांबार उतू गेलं, कॉफीत साखर दोनदा पडली. शनिवारी त्यानं एरियल विमानाच्या पोटात नीट चिकटवलं आणि झाकण लावलं. सांगावं म्हणून ती पुढे झाली, पण कापडाच्या चिंध्या गोळा करून परत फिरली.

रविवारी विमान झकास उठलं. नारळींच्या शेंड्यांवरून पुढे गेलं, डगमगलं आणि थेट भातशेतात कोसळलं. विश्वेशनं चिखलातून तुकडे वेचून पिशवीत भरले. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन तो तिच्या शेजारी बसला.

घरी येऊन चपला काढतानाच तिचा धीर सुटला.

"मी तुझं वाटोळं केलं रे. काळं कापड लहरी अडवतं, मला माहीत होतं. तू जाऊ नयेस म्हणून सांगितलं नाही."

ती रडायला लागली.

"रडू नकोस, डोळ्याला चालत नाही." त्यानं फळीवरची औषधाची बाटली काढली. "मान वर कर."

तिनं मान वर केली. थेंब पडला.

"कार्बन असला की एरियल बाहेर काढायचं, हे आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवतात, अम्मा."