डिफरन्शियलचं रडगाणं

"काही नाही काका, चालेल अजून." गाडीखालून ग्रेव्हिनचा आवाज आला.

एव्हेलिओनं टोपी मांडीवर आपटली. पावसाळा सुरू झाल्यापासून तो हेच ऐकत होता.

"काही नाही कसं? वेग घेतला की कण्हते, पाय उचलला की केकाटते. चाकाचं बेअरिंग असतं तर वळणावर आवाज बदलला असता. तो बदलत नाही. मागच्या चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियलच गेलाय."

"मग तुम्हीच गॅरेज काढा," ग्रेव्हिन बाहेर सरकत म्हणाला. त्यानं वर न बघता हात पुसले. "भाग मिळत नाहीये. तेल बदललंय."

"जुन्या गाड्या विकणारे आत केळ्याची सालं कोंबून आवाज दाबतात. तू निदान तेवढं तरी कर."

"नोएमीमाईच्या गाडीत असलं काम मी करणार नाही."

एव्हेलिओच्या बायकोनं, नोएमीनं, धर्ममाता म्हणून ग्रेव्हिनला बाप्तिस्म्याला हातांवर धरलं होतं, आणि तिचा शब्द तो सख्ख्या आईच्या शब्दापेक्षा जास्त मानायचा. त्यानं खरंच दुरुस्ती केली असती तर एव्हेलिओच्या मनात दुसऱ्या मिस्त्रीचा विचारही आला नसता. पण तो नुसता खाली झोपायचा आणि वर यायचा.

घर डोंगराच्या कुशीत, कॉफीच्या ओळींच्या शेवटी होतं. चिखलाच्या त्या वाटेवर चारही चाकांना जोर असलेली गाडीच टिकायची. राजधानीतल्या लेकीनं, यामिलेतनं, बापाकडून शब्द घेतला होता: गाडी कायमची बंद पडली की तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला यायचं. नोएमीपुढे तो विषय काढला की ती उठून जायची. "इथला खिळा न् खिळा मला ठाऊक आहे. तुझ्या त्या शहरात मी काय करू?"

म्हणून त्याला तो आवाज सोसवत नव्हता. त्या रडगाण्यात त्याला घर सुटताना ऐकू यायचं.

ग्रेव्हिनकडून घरी परतताना खिंड ओलांडल्यावर त्यानं त्या भागातल्या सगळ्यांसारखी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि पेट्रोल वाचवत उतारावर सोडून दिली. इंजिन पुटपुटत राहिलं. मागचं रडगाणं मात्र दरीभर घुमलं.

नोएमी नेहमीसारखी फाटकात उभी होती.

"वळणावर दिसलास तेव्हाच पाणी ओतलं," ती म्हणाली. खरंच, आत कापडी गाळणीतून कॉफी ठिबकत होती.

पडवीतून जाताना तिचा गुडघा खुर्चीवर आदळला.

"कुणी हलवली ही?"

"मी. तिथं गळतंय."

"गळू दे. जागची वस्तू हलवू नकोस, म्हाताऱ्या."

पेल्याच्या काठाला आतून बोट लावून तिनं कॉफी ओतली.

"भाजेल."

"भाजलं की कळतं भरला म्हणून. ग्रेव्हिन काय म्हणाला?"

"काही नाही, म्हणे. बहिरा आहे तुझा पोरगा."

"मग राहू दे की. तो म्हणतो चालेल, तर चालेल. तुला उगाच घोर."

"उगाच? उद्या उतारावर दाते अडकले तर चाकं जागच्या जागी बसतील. मग तूच बांध बोचकी."

त्याचा फोन वाजला, तेव्हा नोएमी म्हणाली, "लेकीचा निरोप असेल. वाचून दाखव. तुझ्या तोंडून बरं वाटतं."

"'पप्पा, गाडीचं काय झालं? तुमची खोली रंगवून ठेवलीय.'"

"छान," नोएमी म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी खत आणायला जातो असं सांगून त्यानं गाडी थेट कार्तागो शहरात नेली. तिथली मिस्त्री मिरेया नावाची दणकट बाई होती. तिनं तेलाचा बोल्ट काढला. त्याच्या चुंबकाला चमचमणारा लोखंडी चिखल चिकटला होता.

"पिनियनचं, आतल्या छोट्या दातेरी चाकाचं, बेअरिंग संपलंय, दातेही खाल्लेत. आणि तेल कोण म्हणालं बदललं म्हणून? या बोल्टला वर्षानुवर्षं पाना लागलेला नाही."

"बायकोचा धर्मपुत्र म्हणाला."

"मग बायकोलाच विचारा," मिरेया हसून म्हणाली.

एव्हेलिओ भडकला. पोरगा चक्क खोटं बोलला होता. का, ते त्याला उमजेना. आळस, दुसरं काय.

मिरेयानं मोडीच्या वखारीतून दुसरा डिफरन्शियल आणला. दांड्यावर खडूची खूण करून तो हातानं फिरवला, खूण कितीदा वर येते ते पाहिलं आणि मान डोलावली. "पुढच्याशी प्रमाण जुळतंय. नाही जुळलं तर पुढची चाकं मागच्यांशी भांडतात, आणि मग सगळंच जळतं."

दुपार कलताना तो खिंडीत पोचला. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, कान टवकारले. काही नाही. टायरखाली खडी तेवढी कुरकुरत होती. आख्ख्या पावसाळ्यात पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले. आता कोणी कुठे जाणार नव्हतं. तिला सांगायचं नाही, तिनंच ओळखू दे, असं त्यानं ठरवलं.

फाटकात कोणी नव्हतं. त्यानं तिथंच इंजिन बंद केलं, स्वतः फाटक उघडलं आणि गवतावरून चालत गेला.

नोएमी पडवीत बसली होती. मांडीवर घमेलं, त्यात काळ्या घेवड्याचे दाणे. डोंगराकडे तोंड करून ती बोटांनीच खडे वेचत होती. एव्हेलिओ पायरीपाशी येऊन थांबला. ऊन थेट त्याच्या चेहऱ्यावर होतं. हसू दाबत तो वाट पाहत राहिला.

गवत चुरचुरलं तशी तिची बोटं थबकली. तिनं मान वर केली, त्याच्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं आणि परक्या माणसासाठी राखलेल्या आवाजात म्हणाली,

"कोण आहे? बसा ना. आमचा म्हातारा येईलच इतक्यात. वळणावर आला की गाडी ऐकू येते."