खोडलेला निष्कर्ष

बाबा यकृताच्या आजारांवर संशोधन करायचे. त्यांच्या शोधनिबंधाचा कुणी संदर्भ दिला की माझ्या फोनवर तसा निरोप येतो. ते गेल्यापासून आई रोज सकाळी विचारते, "आज कुणी नाव काढलं का गं त्यांचं? की विसरले सगळे?"

आज काढलं होतं. एका तरुण संशोधिकेनं बाबांचा सगळ्यात गाजलेला निष्कर्ष चांगली पाच पानं खर्चून खोडून काढला होता. मी फोन पालथा ठेवला, पण आईनं तो उचललाच आणि चष्मा लावून सगळं वाचलं.

"आई, मनाला लावून घेऊ नकोस."

कितीतरी दिवसांनी ती खुदकन हसली.



"अगं, गेलेल्या माणसाशी कुणी एवढं कडाकडा भांडतं का?"